ट्रायकोकार्ड वावरात लावताना: पऱ्हाटीतल्या (कपाशीतल्या) बोंडअळीसाठी क्रमाने काय करायचे

"कार्ड लावले, पण अळी तशीच आहे." ऑक्टोबर लागला की यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला कुठेही हे वाक्य ऐकू येते. जरा खोदून विचारले की बहुतेक वेळा कळते ते असे. कार्ड कुठल्याशा कार्यक्रमात मिळाले, दोन दिवस गाडीच्या डिक्कीत राहिले, मग सवड मिळाली तेव्हा धुऱ्याकडच्या (बांधाकडच्या) पाच-सहा झाडांना अडकवले, आणि त्याच आठवड्यात शेजारच्या वावरात प्रोफेनोफॉस या कीटकनाशकाचा फवारा झाला. यात कार्डाला काम करायची संधीच मिळाली नाही.

ट्रायकोकार्ड हा जिवंत माल आहे. त्यावर चिकटवलेल्या अंड्यांत ट्रायकोग्रामा नावाचा, एक मिलिमीटरपेक्षाही लहान असा परोपजीवी कीटक वाढत असतो. तो ठरलेल्या दिवशी बाहेर पडतो आणि बाहेर पडल्यावर त्याच्या हातात मोजके दिवस असतात. तेवढ्या दिवसांत त्याला किडीची ताजी अंडी सापडली पाहिजेत. म्हणून इथे सगळा खेळ वेळेचा आणि क्रमाचा आहे. आधी पतंग पाहायचा, मग फवारा थांबवायचा, मग कार्ड मागवायचे. आपल्याकडे नेमके उलटे होते: आधी कार्ड येते आणि मग त्याचे काय करायचे ते ठरते.

सुरुवातीलाच ठरवा: तुमच्या वावरात कार्डाचा उपयोग आहे का?

ट्रायकोग्रामाची मादी दुसऱ्या किडीच्या अंड्याला छिद्र पाडून त्यात आपले अंडे घालते. तिचे पिल्लू आतला गर खाऊन तिथेच वाढते, त्यामुळे त्या अंड्यातून अळी निघतच नाही. माणसाला किंवा जनावराला हा कीटक चावत नाही, पिकालाही धक्का लावत नाही. पण त्याचे काम फक्त अंड्यावर चालते. अळी एकदा बाहेर पडून फुलात किंवा बोंडात शिरली की तिला तो काहीही करू शकत नाही. बोंड फोडून आत गुलाबी अळी दिसली म्हणून कार्ड आणायला धावणे म्हणजे पूर ओसरल्यावर बांध घालणे.

पिकानुसारही फरक पडतो. कपाशीत उपयोग आहे, धानात आहे, टोमॅटोतही आहे. तुरीवर आणि हरभऱ्यावर घाटेअळीसाठी कार्ड लावणाऱ्यांना मात्र मी स्पष्ट नको म्हणतो. तुरीच्या फुलांवर आणि शेंगांवर चिकट लव असते, हरभऱ्याच्या पाल्यावर आंब असते. इतका नाजूक कीटक तिथे नीट चालूही शकत नाही, मग अंडी शोधणे दूरच. त्या पिकांसाठी घाटेअळीचा विषाणू, पक्षिथांबे आणि निंबोळी अर्क हा मार्ग धरा. सोयाबीनमध्येही फारशी आशा ठेवू नका. तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीची मादी अंड्यांचा पुंजका केसांनी झाकून टाकते आणि चक्रीभुंगा अंडे खोडाच्या आत घालतो. दोन्हीकडे ट्रायकोग्रामाला वाट मिळत नाही.

कार्ड घेताना त्यावरचे जातीचे नाव वाचा. गुलाबी बोंडअळीसाठी ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री लागतो. हिरव्या (अमेरिकन) आणि ठिपक्यांच्या बोंडअळीसाठी ट्रायकोग्रामा चिलोनिस. धानाच्या खोडकिड्यासाठी ट्रायकोग्रामा जपोनिकम. "ट्रायकोचं कार्ड द्या" एवढेच सांगितले तर जे शिल्लक असेल ते हातात पडते आणि बहुतेक वेळा ते चिलोनिसच असते. बीटी कपाशीत आज आपली खरी डोकेदुखी गुलाबी बोंडअळी आहे, हे लक्षात ठेवून नाव घेऊन मागा.

टप्पा १: कामगंध सापळे लावा आणि रोजचा आकडा लिहा

पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी, पऱ्हाटीला पात्या (कळ्या) लागायच्या सुमारास, एकरी दोन कामगंध सापळे लावा. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच असावा आणि पीक वाढेल तसा तोही वर सरकवावा. ऑगस्टमध्ये लावलेला सापळा सप्टेंबरात पाल्यात बुडालेला असतो, आणि मग "पतंग येतच नाहीत" म्हणून कास्तकार निश्चिंत होतो. लूर (सापळ्यातली मादीच्या गंधाची गोळी) गुलाबी बोंडअळीचाच आहे ना ते पाकिटावर पाहा आणि पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदला.

रोज सकाळी सापळ्यातले पतंग मोजा, आकडा वहीत लिहा आणि पतंग काढून टाका. काढले नाहीत तर उद्याच्या आकड्यात कालचे पतंगही येतात.

आता एक मोठा घोळ. "सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग" हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण ती आर्थिक नुकसानीची पातळी आहे, म्हणजे त्या आकड्याला पुढचा उपाय हाती घ्यायचा. कार्डासाठी तोवर थांबायचे नसते. सापळ्यात नर येतात. नर उडायला लागले म्हणजे माद्याही वावरात आहेत आणि अंडी पडायला सुरुवात झाली आहे किंवा होणार आहे. दोन-चार दिवस सलग एक-दोन पतंग दिसू लागले आणि पिकावर पात्या-फुले आहेत, की कार्डाची वेळ आली असे धरा. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरलेल्या कोरडवाहू पऱ्हाटीत ही वेळ बहुधा पोळ्याच्या मागेपुढे येते. तारीख मात्र सापळ्याच्या आकड्यावरून ठरवा, सणावरून नाही.

> तपासा: सापळे लावून किमान आठवडा झाला आहे, रोजचा आकडा वहीत आहे आणि पतंग सलग दिसत आहेत. या तिन्ही गोष्टी असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा २: वावर कार्डासाठी मोकळे करा

सगळ्यात जास्त कार्डे याच टप्प्यावर वाया जातात. ऑगस्टमध्ये तुडतुडे, फुलकिडे, मावा यांच्यासाठी फवारे चालूच असतात. पायरेथ्रॉइड आणि ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे ट्रायकोग्रामाला थेट मारतात आणि पानावरचा त्यांचा अंश पुढेही काही दिवस मारत राहतो. रासायनिक फवाऱ्यानंतर किमान ७ ते १० दिवस जाऊ द्या आणि मगच कार्ड लावा. लावल्यावरही तेवढेच दिवस फवारा बंद ठेवा. भुरीसाठी मारायचे गंधकही या कीटकाला बाधते. बुरशीनाशक म्हणून ते चालेल असे समजू नका.

म्हणजे रसशोषक किडींचा हिशेब आधीच उरकायला हवा. पानाच्या खालच्या बाजूला पाहून तुडतुडे खरेच नुकसानीच्या पातळीवर आहेत का ते मोजा. नसतील तर ५ टक्के निंबोळी अर्कावर भागवा आणि तोही कार्डाच्या चार-पाच दिवस आधी मारून घ्या. पातळी ओलांडली असेल तर जो फवारा मारायचा तो मारा आणि कार्डाची तारीख पुढे ढकला. "आज फवारा, उद्या कार्ड" यात फवाऱ्याचे पैसेही जातात आणि कार्डाचेही.

फवारणीचे हातमोजे, फवारणीचे कपडे, पंपाच्या शेजारी ठेवलेली पिशवी, यातले काहीही कार्डाजवळ येऊ देऊ नका.

शेजाऱ्यांशी बोलणे हाही याच टप्प्याचा भाग आहे आणि ते धुऱ्यावर उभे राहून केलेले बरे. वाऱ्यावर येणारा फवारा धुरा ओळखत नाही. शक्य असेल तर लागून असलेल्या चार-पाच कास्तकारांनी एकाच आठवड्यात कार्डे लावावीत. पतंग दुरून उडत येतो. चहूबाजूंनी पऱ्हाटी असताना मधल्या एकाच एकरात कार्ड लावून फार मोठा फरक दिसायचा नाही. समोरचा तयार नसेल तर निदान तुमच्या बाजूच्या तासांवर (ओळींवर) त्या आठवड्यात फवारू नको एवढे तरी त्याला सांगा, आणि तुम्हीही धुऱ्याकडच्या दोन-चार तासांत कार्ड लावू नका.

टप्पा ३: हिशेब आणि मागणी

गुलाबी बोंडअळीसाठी एकरी ६०,००० अंडी, म्हणजे हेक्टरी दीड लाख, एका वेळी. एका कार्डावर साधारण २०,००० अंडी असतात. एकरी तीन कार्डे झाली. हे दर आठवड्याला, सलग तीन वेळा. एकूण एकरी नऊ कार्डे.

पण नऊही कार्डे एकदम आणायची नाहीत. एकाच तारखेची नऊ कार्डे आणली तर ती सगळी एकाच आठवड्यात फुटतील. मागणी नोंदवतानाच तीन वेगवेगळ्या तारखा सांगा आणि तीन वेळा माल घ्या. प्रयोगशाळेत तांदळावरील पतंगाची (कॉर्सायरा) अंडी वाढवून त्यावर हा कीटक सोडतात आणि परोपजीवी तयार व्हायला सात-आठ दिवस लागतात. त्यामुळे दुकानातल्या मालासारखे कार्ड "आत्ता द्या" म्हणून मिळत नाही, मिळाले तर ते कुणीतरी न नेलेले शिळे असण्याची शक्यता असते. दोन आठवडे आधी नोंदवा. चौकशी कृषी विज्ञान केंद्रात, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात, कृषी विभागाच्या जैविक कीड नियंत्रण प्रयोगशाळेत किंवा खात्रीच्या खासगी उत्पादकाकडे करा.

एकरी एक कार्ड लावून "थोडा तरी फायदा होईल" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पैसे कमी असतील तर क्षेत्र कमी करा, मात्रा नको. पाच एकरांत पाच कार्डे विखुरण्यापेक्षा जिथे पतंग जास्त पडतात अशा दीड-दोन एकरांत पूर्ण मात्रा द्या.

टप्पा ४: कार्ड हातात घेताना पारख

इथे घाई करू नका. दहापट दाखवणारे भिंग खिशात ठेवा. या कामात त्यापेक्षा उपयोगी अवजार नाही.

कार्ड उजेडाकडे धरून पाहा. कॉर्सायराचे ताजे अंडे पिवळसर पांढरे असते. त्यात ट्रायकोग्रामा वाढू लागला की तीन-चार दिवसांत ते राखाडी आणि मग काळेभोर होते. चांगल्या कार्डावर बहुतेक सगळी अंडी काळी दिसतात, शंभरात नव्वदच्या आसपास. पांढरी अंडी म्हणजे ज्यांत परोपजीवी गेलाच नाही. पिचकलेली, सुरकुतलेली अंडी म्हणजे वाया गेलेली. आणि कार्डावर बारीक जाळी किंवा चिमुकली अळी दिसली तर ते कार्ड परत करा. याचा अर्थ प्रयोगशाळेत कॉर्सायराची अंडी नीट मारलेली नव्हती, त्यांतून कॉर्सायराचीच अळी निघाली, आणि ती शेजारची काळी अंडीही खाते.

काळे दिसले म्हणून लगेच समाधान मानू नका. कीटक बाहेर पडून गेल्यावर मागे राहणारे रिकामे टरफलही काळसरच दिसते. भिंगाखाली प्रत्येक टरफलावर एक गोल छिद्र दिसते का ते पाहा. छिद्रे दिसली तर माल फुटून गेला. उरलेला कागद तुम्ही विकत घेत आहात.

कार्डावर दोन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: परोपजीवीकरणाची तारीख आणि कीटक बाहेर पडण्याची अपेक्षित तारीख. तारीख नसलेले कार्ड घेऊ नका, फुकट मिळत असले तरी.

> तपासा: जात योग्य, अंडी काळी, छिद्रे नाहीत, जाळी नाही, तारीख लिहिलेली. पाचातले एकही चुकले तर कार्ड तिथेच परत.

टप्पा ५: घरी आणणे आणि ठेवणे

तालुक्याहून गावापर्यंतचा तासा-दीड तासाचा रस्ता. भर दुपारी मोटारसायकलची डिक्की किंवा चारचाकीचा डॅशबोर्ड म्हणजे भट्टी. कार्डे कागदी पाकिटात, पाकीट थर्माकोलच्या डब्यात, आणि डब्यात थंडाव्यासाठी बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून. बाटली कार्डाला टेकता कामा नये. तिच्यावर साचलेले पाणी कार्डावर उतरले की अंडी भिजतात आणि बुरशी धरते. डबा नसेल तर सकाळी लवकर निघा, पाकीट ओलसर फडक्याच्या पिशवीत पण दोघांत कोरडा कागद घालून ठेवा. एसटीत खिडकीच्या उन्हात ठेवू नका.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लावायचे असेल तर फ्रीजची गरज नाही. घरातली थंड, अंधारी जागा पुरते, पण खाली पाण्याची थाळी ठेवून त्यात विटेवर पाकीट ठेवा म्हणजे मुंग्या चढणार नाहीत. देवघराशेजारच्या फडताळात ठेवले तर उदबत्ती आणि डासांची कॉइल यांचा धूर लागतो, ते टाळा.

पावसामुळे लांबले तर फ्रीज वापरा. भाजीच्या खालच्या कप्प्यात, ५ ते १० अंशांत काळे झालेले कार्ड आठ-दहा दिवस टिकते, मात्र जितके जास्त ठेवाल तितके कमी कीटक बाहेर पडतील. बर्फाच्या कप्प्यात ठेवले की संपलेच. लावायच्या आदल्या संध्याकाळी बाहेर काढा, त्यांना खोलीच्या उष्णतेवर यायला वेळ मिळतो. आणि घरातल्या माणसांना सांगून ठेवा की हा कचऱ्याचा कागद नाही. फ्रीज आवरताना फेकली गेलेली कार्डे काही कमी नाहीत.

मधली चाचणी, जी कुणीच करत नाही

प्रत्येक खेपेच्या एका कार्डाचा नखाएवढा तुकडा कापा. पारदर्शक बाटलीत टाका, तोंडाला कापसाचा बोळा लावा आणि सावलीत ठेवा. ज्या दिवशी कीटक बाहेर पडतील त्या दिवशी बाटलीच्या उजेडाकडच्या काचेवर काळपट ठिपके चालताना दिसतील. ते पाहिल्यावर लोकांना पहिल्यांदा पटते की कार्डात खरेच काहीतरी होते. दोन-तीन दिवसांनी भिंगाखाली शंभर अंडी मोजा आणि किती टरफलांवर छिद्र आहे ते पाहा. ऐंशीच्या वर असेल तर माल चांगला. पन्नासच्या खाली असेल तर पुढची खेप त्या ठिकाणाहून घेऊ नका आणि ती बाटली दाखवून विचारा.

या चाचणीचा आणखी एक फायदा आहे. नंतर अळी दिसली तर दोष कार्डात होता की वावरात, हे तुम्हाला सांगता येते. नाहीतर प्रयोगशाळा कास्तकाराला दोष देते, कास्तकार प्रयोगशाळेला.

टप्पा ६: लावण्याचा दिवस

कीटक बाहेर पडण्याच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी कार्ड लावा. तीन-चार दिवस आधी लावले तर तेवढे दिवस ते मुंग्या, पाऊस आणि ऊन यांच्या ताब्यात राहते. वेळ सकाळी दव उडाल्यावर किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर. भर दुपारी नाही. जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर एक-दोन दिवस थांबा, फ्रीज त्यासाठीच आहे.

हात साबणाने धुऊन घ्या. खर्रा घोटलेल्या हाताने ना लुराला हात लावा, ना कार्डाला. तंबाखूतले निकोटीन हे जुन्या काळापासूनचे कीटकनाशक आहे, ट्रायकोग्रामाला त्याची सूट नाही.

कार्डावर आखलेल्या रेषांवरून कात्रीने पट्ट्या कापा. पट्टीला कडेने धरा, अंड्यांवर बोट टेकवू नका. कार्डे वेगवेगळ्या आकाराची येतात. एका कार्डाच्या १२ पट्ट्या धरल्या तर तीन कार्डांच्या ३६. एकर चौकोनी धरला तर त्याची बाजू साधारण ६३ मीटर येते. सहा ओळी, प्रत्येक ओळीत सहा पट्ट्या, दोन पट्ट्यांत १० मीटरच्या थोडे वर अंतर. हा कीटक फार लांब उडत नाही, पाच-दहा मीटरच्या परिसरातच शोध घेतो, म्हणून हे अंतर पाळणे अगत्याचे. टेप घेऊन बसायची गरज नाही: चार फुटी तासांत दर नवव्या तासाला, तीन फुटी तासांत दर अकराव्या-बाराव्या तासाला, आणि तासात चालताना दर बारा-तेरा मोठ्या पावलांवर एक पट्टी. पहिली पट्टी धुऱ्यापासून पाच मीटर आत.

धुऱ्याधुऱ्याने चालत सगळी कार्डे कडेच्या झाडांना लावण्याचा मोह होतो, कारण सप्टेंबरात पऱ्हाटी जमलेली असते आणि आत शिरायला नको वाटते. मग मधले वावर उघडे राहते. एकाने आत चालायचे, दुसऱ्याने पट्ट्या कापून द्यायच्या, असे दोघांनी केले तर एका एकराला फार वेळ लागत नाही.

पट्टी झाडाच्या वरच्या तिसऱ्या भागातल्या धडधाकट पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करा. कोरी बाजू पानाला लागलेली, अंड्यांची बाजू मोकळी आणि खाली. पुष्कळ जण अंड्यांची बाजू पानाला चिकटवतात. मग कीटकाला बाहेर पडायला जागाच उरत नाही. पिवळे पडलेले पान नको, ते दोन दिवसांत गळते आणि पट्टी मातीत जाते.

> सावध: मावा किंवा पिठ्या ढेकूण असलेले, चिकटा सुटलेले झाड टाळा. चिकट्यासाठी मुंग्या त्या झाडावर सतत चढत असतात आणि कार्डावरची अंडी त्यांना आयतीच मिळतात. पट्टी लावण्याआधी खोडावर क्षणभर नजर ठेवा. मुंग्यांची रांग दिसली तर शेजारचे झाड धरा.

मुंग्यांचा त्रास सगळीकडेच असेल, किंवा पाऊस लागून असेल, तर चहाचा कागदी कप घ्या. आत पट्टी स्टेपल करा, बुडाला भोक पाडून दोरा ओवा, दोऱ्याला ग्रीसचे बोट फिरवा आणि कप फांदीला उपडा टांगा. कपाची कड पानाला टेकू देऊ नका, मुंगी तिथून शिरते. थोडे जास्तीचे काम आहे खरे. पावसाळी आठवड्यात मात्र मी कपच सुचवतो.

लावलेल्या चार-पाच झाडांना रंगीत चिंधी बांधा. नाहीतर तीन दिवसांनी ती पट्टी तुम्हालाच सापडणार नाही.

पाकीट उघडताना आतच कीटक फिरताना दिसले तर घाबरू नका आणि पाकीट बंद करून परतही जाऊ नका. संध्याकाळी तेच पाकीट उघडे धरून तासातासांतून हळूहळू चाला, कीटक आपोआप उडून जातील, मग पट्ट्या नेहमीसारख्या लावा.

टप्पा ७: तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी पाहणी

तिसऱ्या दिवशी चिंधी बांधलेल्या झाडांवरच्या पट्ट्या भिंगाने पाहा. टरफले जागेवर आहेत आणि त्यांना गोल छिद्रे आहेत: कीटक बाहेर पडले. अंडीच गायब आहेत, नुसता डिंकाचा डाग राहिला आहे: मुंग्यांनी नेली. अंडी काळी आहेत पण छिद्र नाही: एखाद-दोन दिवस वाट पाहा, तरीही नाही निघाले तर आतला कीटक मेला, बहुधा वाहतुकीतल्या उन्हाने किंवा फ्रीजमधल्या मुक्कामाने. प्रत्येक उत्तराचा पुढचा उपाय वेगळा आहे, म्हणून ही पाहणी चुकवू नका.

पाचव्या दिवसाच्या सुमारास किडीची अंडी पाहा. गुलाबी बोंडअळीचे अंडे खूप लहान, चपटे, लांबट. पात्या आणि कोवळ्या बोंडांच्या आवरणाखाली, देठाजवळ सुटे किंवा दोन-चार मिळून असते. आधी मोतिया, मग नारिंगी. चार-पाच दिवसांत त्यातून अळी निघते. पूर्ण काळे झालेले अंडे दिसले तर त्यात ट्रायकोग्रामा आहे. हिरव्या बोंडअळीचे घुमटासारखे अंडे शेंड्याच्या पानांवर सहज सापडते, त्यावर शिकणे सोपे जाते. तिथे एक फसगत होते: अळी निघायच्या आदल्या दिवशी तिचे काळे डोके अंड्यातून दिसते. तो फक्त एक काळा ठिपका असतो. परोपजीवी असलेले अंडे सगळेच्या सगळे काळे असते.

अंडी शोधणे जमले नाही तरी डोमकळ्या मोजता येतात. पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखी झालेली फुले तोडून अळीसकट नष्ट करा. तोडून धुऱ्यावर फेकली तर अळी तिथून जमिनीत उतरून कोषात जाते. शिवाय दर आठवड्याला एकरी २० हिरवी बोंडे फोडा, वेगवेगळ्या झाडांवरची, साधारण पंधरा-वीस दिवसांची. वरून बोंड स्वच्छ दिसते म्हणून फोडायचे टाळू नका, गुलाबी बोंडअळीचे छिद्र लगेच बुजते.

टप्पा ८: दुसरी, तिसरी खेप आणि थांबायचे कधी

दुसरी खेप सात दिवसांनी, तिसरी त्यानंतर सात दिवसांनी. पहिल्या खेपेनंतर "काही फरक दिसत नाही" म्हणून दुसरी न लावणारे बरेच आहेत. फरक दिसायचाच नसतो. न निघालेली अळी डोळ्यांना कशी दिसणार? पतंग मात्र रोज नवी अंडी घालत असतो आणि पहिल्या खेपेतले कीटक आठवडाभरात संपत आलेले असतात, म्हणून खंड पडू देऊ नका. पुढच्या खेपेला पट्ट्या त्याच झाडांना न लावता आधीच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या जागी सरकवा.

या काळात धुऱ्यावर किंवा अधूनमधून तासांत चवळी असेल तर चांगलेच. चवळीच्या देठांजवळ गोडसर रस सुटतो आणि तो खाऊन हे कीटक जास्त दिवस जगतात. पण चवळी कार्डाच्या आठवड्यात पेरून उपयोग नाही, ती पऱ्हाटीबरोबरच टाकायला हवी.

आणि कार्डाला चिकटून बसू नका. फोडलेल्या २० बोंडांपैकी दोन किंवा जास्त बोंडांत जिवंत अळी सापडली, म्हणजे १० टक्के, तर कार्डाची वेळ गेली. तिथे शिफारशीचा फवारा घ्या, हातमोजे आणि तोंडावर मास्क लावूनच घ्या, आणि उरलेली खेप रद्द करा. फवारा घेतलेल्या वावरात आधीच पैसे दिले म्हणून तिसरे कार्ड लावणे निरर्थक आहे. ते शेजाऱ्याच्या न फवारलेल्या वावराला द्या. कार्डे लावली म्हणून फरदड (हंगाम संपल्यावरही तेच पीक पुढे राखणे) ठेवायची मोकळीक मिळते असेही नाही. डिसेंबरपर्यंत पऱ्हाटी उपटली नाही तर पुढच्या हंगामाचे पतंग तुम्हीच सांभाळता आहात.

धानाच्या बांधीत (खाचरात) काय वेगळे

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे हेच काम खोडकिड्यासाठी होते. तिथे क्रम हाच, तपशील थोडे वेगळे. जात जपोनिकम. पाने गुंडाळणाऱ्या अळीचाही त्रास असेल तर चिलोनिसची कार्डे वेगळी लावा. मात्रा हेक्टरी ५० हजार ते एक लाख, रोवणीनंतर साधारण महिनाभराने सुरुवात, मग आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा. खोडकिड्याची मादी पानाच्या टोकाकडे अंड्यांचा पुंजका घालते, म्हणून रोवणीच्या वेळी पऱ्ह्यांचे (रोपांचे) शेंडे खुडून टाकले की निम्मे काम आधीच होते. खुडलेले शेंडे बांधीत टाकू नका, बाहेर नेऊन नष्ट करा.

धानाचे पान अरुंद आणि लवचिक असते, त्याला पट्टी स्टेपल केली तर वाऱ्याने ती पाण्यात जाते. बांबूच्या काड्या रोवा, पट्टी पिकाच्या शेंड्याच्या बरोबरीने किंवा थोडी वर राहील अशी बांधा आणि धान वाढेल तशी पुढच्या खेपेला उंची वाढवा. बांधीत पाणी असल्यामुळे मुंग्यांचा त्रास कमी असतो, पण काडी पाराला (बांधाला) टेकलेली असेल तर तिथून त्या येतात; काडी बांधीच्या आत, पाण्यातच रोवा.